कॅम्पर व्हॅन, गोव्याचा एक पावसाळा आणि ग्राहक कायदा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

इंजिन, गिअर, ब्रेक यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. चार माणसं आणि भरलेली पाण्याची टाकी घेऊन गाडी चोर्ला घाट कुरकुर न करता चढते. तक्रारी आहेत त्या ड्रायव्हरच्या सीटमागे जे काही आहे त्याबद्दल, म्हणजे चॅसिसवाल्या (मूळ गाडी बनवणाऱ्या) कंपनीने नव्हे तर कन्व्हर्जन करणाऱ्याने, म्हणजे व्हॅनचा कॅम्पर करून देणाऱ्याने, बसवलेल्या गोष्टींबद्दल. कायद्याचा सगळा गुंताही नेमका याच सांध्यावर आहे.

आधी छत. व्हेंटसाठी (हवा खेळायच्या झरोक्यासाठी) पत्रा चौदा बाय चौदा इंच कापलेला, आणि फ्रेमखाली ब्यूटाइल टेपऐवजी, म्हणजे लवचीक चिकट पट्टीऐवजी, नुसतं सिलिकॉन. धावताना छत पिळतं, उन्हात पत्रा ताणतो, आणि सिलिकॉन एका कडेने सुटत जातं. जूनमध्ये व्हेंटच्या मागच्या कोपऱ्यात बशीएवढा पिवळट डाग उमटला. पाणी जिथे टपकतं तिथूनच आत येतं असं नाही. म्हणून पाइपने चाचणी खालून वर घ्यायची: आधी खिडक्या, मग छताची कड, सगळ्यात शेवटी व्हेंट, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं. लाकडातला ओलावा मोजणारा पिनांचा मॉइश्चर मीटर असेल तर एकट्या आकड्यावर विसंबू नका. गोव्याच्या पावसाळ्यात कोरडं प्लायही 17-18 टक्के दाखवतं. इथे कपाटाची बाजू 17 आणि डागाची जागा 31 होती. ही तफावत हाच पुरावा. दोन्ही आकडे एकाच फोटोत, तारखेसकट हवेत.

दुसरा दोष विजेचा. 12 व्होल्टच्या बॅटरीवर 2000 वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराला 170 अँपिअरच्या आसपास ओढतो. बॅटरीपासून तीन मीटरवर तो बसवलेला, आणि केबल 16 चौरस मिलिमीटरची. जाऊन-येऊन सहा मीटर तांबं धरलं तर साधारण 1.1 व्होल्ट वाटेतच जातात. इंडक्शन लावली की बॅटरीशी 12.3, इन्व्हर्टरशी 11.2, आणि लगेच इन्व्हर्टरचा भोंगा. विक्रेता ‘बॅटरी कमजोर आहे’ म्हणतो. दोन्ही टोकांना मल्टिमीटर लावला की ते तिथल्या तिथे खोटं ठरतं. इथे 70 चौरस मिलिमीटरची केबल हवी, आणि फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात. आमच्या गाडीत तो इन्व्हर्टरच्या बाजूला होता, म्हणजे मधली केबल घासून शॉर्ट झाली तर तिला राखणारं कोणीच नाही. हे गैरसोयीचं नव्हे, आगीचं प्रकरण आहे.

आता कायदा. अमेरिकन व्हिडिओ पाहून ‘लेमन लॉ’, म्हणजे वारंवार बिघडणारी नवी गाडी बदलून मिळण्याचा तिकडचा कायदा, विचारणारे बरेच भेटतात. आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही, आणि ‘तीनदा दुरुस्ती झाली की नवी गाडी’ असा हिशेबही नाही. आधार आहे तो ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा. त्यात दोष काढून देणं, वस्तू बदलून देणं, व्याजासह पैसे परत आणि भरपाई, असे सगळे आदेश मिळू शकतात. पण गाडीच बदलून हवी तर उत्पादन-दोष सिद्ध करावा लागतो. मारुतीच्या एका प्रकरणात 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याची अट असेल तर आख्खी गाडी मागता येत नाही. म्हणून मागणी उतरत्या क्रमाने लिहा: परतावा, नाहीतर छत आणि वायरिंगचं काम नव्याने, तेही नाही तर दुसरीकडच्या दुरुस्तीचा खर्च.

प्रॉडक्ट लायबिलिटीचं, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या जबाबदारीचं, प्रकरण या 2019 च्या कायद्यात आहे, पण त्यातल्या ‘हानी’त त्या वस्तूचंच नुकसान धरत नाहीत. वायर पेटून माणूस भाजला तर ते लागू. ओल्या प्लायसाठी सदोष वस्तू आणि सदोष सेवा हीच वाट.

प्रतिवादी कोण, यात लोक सर्वात जास्त चुकतात. गोव्यातलंच प्रकरण आहे: 2011 चं मॉडेल म्हणून पैसे घेतले आणि 622 किलोमीटर चाललेली 2009 ची गाडी हातात दिली. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये डीलरला जबाबदार धरलं, उत्पादकाला सोडलं, कारण डीलरच्या कृत्याची त्याला माहिती होती हे सिद्ध झालं नव्हतं. कॅम्परमध्ये तर तीन हात असतात: चॅसिसवाला, कन्व्हर्जनवाला, विकणारा. नोटीस तिघांनाही स्पीड पोस्टने पाठवा, पण प्रत्येक दोषापुढे तो कोणाच्या हातचा हे लिहा. सगळ्यांवर सगळं ढकलणारी तक्रार पहिल्याच तारखेला पातळ होते.

गाडी दुरुस्तीला देताना मिळणाऱ्या जॉब कार्डवर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यायची. ‘जनरल चेकअप’ लिहिलेलं जॉब कार्ड म्हणजे रद्दी. ‘दोष आढळला नाही’ असं लिहून देत असतील तर तेही घ्या, पुढे उपयोगी पडतं. फोटो-व्हिडिओ दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा. तपासणीची गरज असेल तर ग्राहक आयोगाकडे ग्राहक कायद्याच्या कलम 38 खाली अर्ज करा, आणि निकाल लागेपर्यंत ओलं प्लाय उखडू नका. स्वतः दुरुस्त करून मग तक्रार करणाऱ्याकडे दाखवायला काही उरत नाही.

आधी 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. फुकट आहे, कधी कधी तिथेच मिटतं. नाही मिटलं तर आयोगाकडे ऑनलाइन तक्रार करायचं ई-जागृती पोर्टल. भरलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, उत्तर गोव्याला पर्वरी, दक्षिणेला मडगाव. त्यावर दोन कोटींपर्यंत पणजीचा राज्य आयोग. वीस ते पन्नास लाखांच्या गाडीला शुल्क 1000 रुपये. बिलावर ‘वाद फक्त पुण्याच्या न्यायालयात’ छापलेलं असलं तरी आपण राहतो तिथे तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती थांबत नाही. ‘पुढच्या महिन्यात माणूस पाठवतो’ यावर दीड वर्ष सहज निघून जातं. समोरच्याला उत्तरासाठी 30 आणि वर 15 दिवस, त्यापुढे नाही. चाचणीची गरज असेल तर पाच महिन्यांत निकाल असं कायदा म्हणतो. कायदा बिचारा म्हणतोच.

गोव्यातल्या मंडळींनी एक जपायचं. गाडी पर्यटकांना भाड्याने देत असाल तर समोरचा वकील पहिलं वाक्य हेच म्हणणार: हे ग्राहक नाहीत, व्यावसायिक वापर आहे. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः चालवत असाल तर सूट आहे, पण पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी नोंदणीची गाडी भाड्याने फिरवली असेल तर ते दार जवळपास बंद, शिवाय परवान्याचा गुन्हा वेगळा.

विकत घेणाऱ्यांनी ताबा घेण्याआधी आरसी पाहावी. मोटर कॅरावानसाठी (नियमांत कॅम्परचं नाव हेच) एआयएस-124 हे मानक आहे. त्याचं मंजुरीपत्र मागा. नोंद साध्या प्रवासी व्हॅनची आणि आत गॅस, पलंग, टाकी असेल तर गाडीतल्या फेरबदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आड येतं, आणि विमावाला दावा नाकारायला तयारच असतो. मग टाकी भरून वजनकाट्यावर न्या, पुढचा आणि मागचा अॅक्सल वेगवेगळा. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो, आणि ते बहुतेकदा मागच्या चाकांमागेच लटकवलेलं असतं. काट्याची पावती ऑर्डर फॉर्मला टाचून ठेवा.