एमपी-आयडीएसएचं संकेतस्थळ: वर्गात वापरून पाहिल्यावर

साताऱ्यात बीएच्या मुलांना मी संरक्षणशास्त्र शिकवते. टीव्हीवरच्या चर्चा ऐकून आलेली मुलं चीनचं काय करायला हवं ते छातीठोकपणे सांगतात. ‘कशावरून?’ विचारलं की गप्प. त्यांच्यासाठी दिल्लीच्या मनोहर पर्रीकर संरक्षण अभ्यास व विश्लेषण संस्थेचं (इंग्रजी आद्याक्षरांनी एमपी-आयडीएसए) संकेतस्थळ मी नेमाने वापरते. फुकटात इतकं भरवशाचं वाचायला दुसरीकडे क्वचितच मिळतं.

संस्था १९६५ची, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असतानाची. पर्रीकरांचं नाव २०२०मध्ये लागलं. इथे विद्यापीठातून आलेल्या संशोधकांच्या जोडीला सेवेतले लष्करी अधिकारीही अभ्यास करतात, म्हणून लेखनाला जमिनीचा वास असतो. अभ्यास धोरणापर्यंत कसा पोचतो, ते मी फळ्यावर काढून दाखवते. के. सुब्रह्मण्यम इथे दोनदा संचालक होते. १९९९मध्ये कारगिल आढावा समितीचे अध्यक्षही तेच. त्या अहवालानंतर मंत्रिगट नेमला गेला, त्याने २००१मध्ये सीडीएस, म्हणजे तिन्ही सैन्यदलांत समन्वय साधणारे संरक्षण दल प्रमुख, या पदाची शिफारस केली आणि पहिले सीडीएस आले जानेवारी २०२०मध्ये. मधली एवढी वर्षं कुठे गेली, यावर वर्गात तास रंगतो.

मुलांना सगळ्यात आवडतं ते ‘आस्क अ‍ॅन एक्स्पर्ट’. वर विचारणाऱ्याचं नाव आणि प्रश्न, खाली तज्ज्ञाचं नावानिशी उत्तर. लेखांखाली एक ओळ असते: मतं लेखकाची, ती संस्थेची किंवा भारत सरकारची असतीलच असं नाही. ती मी मोठ्याने वाचायला लावते. पैसा संरक्षण मंत्रालयाचा आहे, हेही सांगते. सरकारवरची कडक टीका वाचायची तर जोडीला दुसरं काही घ्यावंच.

मनापासून वाटतं, हे मराठीत यायला हवं. अपशिंगे मिलिटरी या गावच्या एका विद्यार्थिनीने सीमेवरच्या रस्त्यांवरचा लेख वडिलांना मराठीत समजावून सांगितला. निवृत्त सुभेदार ते. जेवण बाजूला ठेवून शंका विचारत बसले. ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या जवान गेले, त्यांना हा अभ्यास इंग्रजीची भिंत ओलांडून का वाचावा लागावा? आपल्या विद्यापीठांनी निवडक लेखांचे दोन-दोन पानी मराठी सारांश करायला घ्यावेत. मी माझ्या वर्गापुरते सुरू केलेत.

नव्याने वाचणाऱ्याने ‘इश्यू ब्रीफ’ या छोटेखानी लेखांपासून सुरुवात करावी, मग ‘जर्नल ऑफ डिफेन्स स्टडीज’. ‘स्ट्रॅटेजिक अ‍ॅनालिसिस’ या संस्थेच्याच दुसऱ्या नियतकालिकाचे बरेचसे लेख विकतचे असतात, ते विद्यापीठाच्या ग्रंथालयात मागावेत.