टायमिंगच्या नावाखाली फसवणूक: पुलीवरची पांढरी खूण खोटी निघाली

जुन्या गाडीचं हेड फेसिंग करून, कॅम बदलून इंजिन तयार करून घेणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. टायमिंगच्या, म्हणजे प्लगमध्ये ठिणगी नेमकी कधी पडावी ते लावण्याच्या कामात गिऱ्हाइकाला फसवणं फार सोपं असतं, कारण बिघडवलेली गाडी पहिल्या दिवशी आधीपेक्षा जोरात पळते.

माझी प्रीमियर पद्मिनी वडिलांनी घेतलेली, 1089 सीसी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. इंजिन उघडलंच होतं म्हणून हेड जरा जास्त घासून कॉम्प्रेशन वाढवलं आणि कॅमशाफ्टही बदलला. ते काम दुसरीकडे झालं आणि उत्तम झालं. टायमिंगसाठी मात्र उपनगरातल्या एका गॅरेजचं नाव कोणीतरी सुचवलं. तिथे मॉडिफाइड गाड्याच येतात. बिलात दोनच ओळी होत्या: इलेक्ट्रॉनिक इग्निशन किट आणि टायमिंग ट्यूनिंग. मिळून अठरा हजार रुपये.

गाडी ताब्यात देताना मालकाने माझ्यासमोर टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीसोबत लुकलुकणारा दिवा, धरला. क्रँकच्या पुलीवरची ताजी पांढरी खूण बरोबर 10 अंशांवर थांबलेली दिसली, म्हणजे पिस्टन वर पोचण्याच्या 10 अंश आधी ठिणगी. ईस्टर्न फ्रीवेवर चक्कर मारली तर पिकअप झकास. डेल्कोच्या, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर स्टिकर होतं: सील तोडल्यास वॉरंटी रद्द.

कसारा घाटात, गाडीत चौघं असताना, तिसऱ्या गिअरला इंजिन ठोकायला लागलं. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज. पाय सैल केला की बंद, दाबला की पुन्हा सुरू. गॅरेजला फोन केला तर उत्तर आलं, "कॉम्प्रेशन वाढवलंय ना तुम्ही, मग एवढं होणारच. 100 ऑक्टेनचं पेट्रोल टाका."

हे उत्तर अर्धसत्य आहे आणि म्हणूनच धोक्याचं. मिश्रण जळायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोचण्याआधीच ठिणगी पाडावी लागते. 3000 आरपीएमला एका मिलिसेकंदात क्रँक 18 अंश फिरतो, इतकं हे काटेकोर गणित. ठिणगी फार आधी पडली तर पिस्टन वर येत असतानाच दाब चढतो, उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं आणि नॉकिंग होतं. कॉम्प्रेशन वाढवलं की मिश्रण लवकर जळतं, त्यामुळे भाराखाली टायमिंग थोडं मागे घ्यावं लागतं. रिकाम्या गाडीत, सपाट रस्त्यावर यातलं काही जाणवत नाही.

शेवटी लालबागच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. पद्मिनी टॅक्सींवर त्यांची हयात गेली. त्यांनी लाइटला हातच लावला नाही. एक नंबरचा प्लग काढला, त्या भोकात पिस्टन अडवणारा बोल्ट बसवला, क्रँक हाताने हळूच एका बाजूला टेकेपर्यंत फिरवून पुलीवर रेघ मारली, मग उलट्या बाजूने फिरवून दुसरी. दोन्ही रेघांचा मध्य म्हणजे खरा टीडीसी, पिस्टन अगदी वर असतानाची जागा. पांढरी खूण तिथे नव्हतीच, 12 अंश सरकलेली होती. मिस्त्रींनी मध्याजवळचा काळा रंग स्क्रू ड्रायव्हरने खरवडला, तर खाली पुलीची मूळ खाच, पुटी भरून बुजवलेली.

"दादा, हे चुकून होत नाही," ते म्हणाले. "खाच बुजवायला मुद्दाम बसावं लागतं."

म्हणजे लाइटमध्ये 10 दिसत होते तेव्हा खरे 22 होते. वेग वाढला की डेल्कोच्या आतली वजनं आणखी 24 अंश वाढवतात, म्हणजे वरच्या आरपीएमला 46. मग सील तोडलं. कॅपखाली जुनेच पॉइंट आणि कंडेन्सर, ज्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक किट यायला हवं होतं. बॉनेटखाली बसवलेल्या काळ्या डबीची एक वायर बॉडीला अर्थ केलेली, दुसरी टेपच्या आत कापून सोडलेली. किट नव्हतंच.

प्लगच्या पांढऱ्या भागावर अॅल्युमिनियमचे बारीक चमकदार कण चिकटलेले होते. ते पिस्टनचे. दोन नंबरच्या पिस्टनचा रिंगांमधला काठ तुटला होता. पिस्टन बदलल्यावर मिस्त्रींनी डेल्कोची व्हॅक्यूमची नळी (तीही टायमिंग बदलते) काढून, तिचं तोंड बंद करून आयडलला 8 आणि वर एकूण 32 अंश लावले. पिकअप थोडा मवाळ झाला, पण घाटात आता आवाज नाही.

गॅरेजवाल्याने आधी धमकी दिली की तक्रार केलीत तर आरटीओ तुमचीच गाडी उचलेल. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आरसीतल्या तपशिलाशी न जुळणाऱ्या बदलांबद्दल आहे. माझा इंजिन नंबर, सीसी, इंधन सगळं आरसीप्रमाणेच आहे. आणि बिलात लावलेलं किट गाडीत नसणं हा वेगळाच मुद्दा. या धमकीने बरेच जण गप्प बसतात, याचा मला फार राग येतो.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली आणि जिल्हा ग्राहक आयोगाची कागदपत्रं तयार केली आहेत. तिथे कारण घडल्यापासून 2 वर्षांत जावं लागतं आणि 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणांना फी नाही. बुजवलेली खाच, कापलेली वायर आणि तुटलेला पिस्टन यांचे फोटो दुरुस्तीआधीच काढले होते, मिस्त्रींनीही काय सापडलं ते लिहून सही करून दिलं. तुमच्या डेल्कोवर असंच सील आणि शेजारी अशीच काळी डबी असेल, तर तिच्या दोन्ही वायरी शेवटपर्यंत हाताने चाचपून बघा, आणि घाटात गाडी घालण्याआधी टीडीसी समोर उभं राहून तपासून घ्या.