कंट्रोलर आणि टर्नटेबल, दोन्ही वापरून बघितल्यावर

गेल्या गणपतीपासून माझ्याकडं डीजेचे दोन्ही सेटअप आहेत. लॅपटॉपला लावायचा दोन चॅनेलचा कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपातली दोन गाणी मिक्स करायचं बटनांचं यंत्र, आणि सेकंडहँड घेतलेली टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ या टर्नटेबलांची, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या मशीनची जोडी, मिक्सरसकट. बेळगावात हळदी, वरात, मिरवणुकीच्या ऑर्डरी मारणारी बरीच पोरं विचारतात की टर्नटेबलात पैसे घालावेत काय, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ऑर्डरीला कंट्रोलरच, यात वाद नाही. शहापूर-वडगावकडच्या एका हळदीत मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही फर्माइशी येतात, पाहुणे हुबळीकडचे असले तर कन्नड जास्तच, आणि त्यातली निम्मी गाणी रेकॉर्डवर कधी निघालेलीच नाहीत. रात्री १० ला स्पीकर बंद करायचा असतो, तेवढ्यात सगळ्यांना नाचवायचं म्हणजे नाव टाइप केलं की गाणं समोर पाहिजे. शिवाय लाईट गेली तरी लॅपटॉपची बॅटरी असते, कंट्रोलर यूएसबीवरच चालतो. टर्नटेबल एकेक १२ किलोच्या आसपास, ते उचलून खानापूरच्या आतल्या गावात न्यायचं म्हणजे वेगळा माणूस लागतो.

मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर तर टर्नटेबल ठेवूच नका. पाठीमागं डॉल्बीचे बेस लागलेले असतात, त्याच्या हादऱ्यानं टर्नटेबल थरथरतं, ती थरथर सुई उचलते, मिक्सरमधनं परत स्पीकरला जाते आणि नुसती घूं सुरू होते. खाली फोम घाला नाहीतर फरशी घाला, फरक थोडाच पडतो. त्यात विसर्जनाला कपिलेश्वर तलावापर्यंत रस्त्यात एक खड्डा आला की सुई उडालीच.

मग टर्नटेबल ठेवलं कशाला? हलगी आणि ढोलकीसाठी. आपली जुनी लोकगीतं, जुनी सिनेमाची गाणी माणसांनी बसून वाजवलेली आहेत, कानात ठोक्याची क्लिक लावून नाही. कडव्याला लय चढते, शेवटाला तर अजून पळते. कॉम्प्युटरवर बनलेल्या डान्स ट्रॅकला दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणारं सिंक बटन दाबलं की काम झालं, पण असल्या गाण्यात सॉफ्टवेअरचा बीटग्रिड, म्हणजे ठोक्यांच्या खुणांची जाळी, सरळ रेघ मारून बसतो आणि थोड्याच वेळात दोन गाण्यांचे ठोके घोडं पळाल्यासारखे टबडक टबडक व्हायला लागतात. ग्रिड जागोजागी हातानं सरकवून बसवता येतो, मी काही गाण्यांना बसवलाय, पण लई वेळखाऊ काम आहे ते. टर्नटेबलवर प्लॅटरच्या, म्हणजे फिरत्या तबकडीच्या काठाला बोट लावलं की गाणं किंचित मागं, मधली दांडी चिमटीत फिरवली की पुढं. कान ऐकतोय तोवर हात दुरुस्त करत असतो. ही सवय लागल्यावर कंट्रोलरवरसुद्धा लोकगीत आलं की मी सिंक बंदच करतो आणि मिक्स आधीपेक्षा कितीतरी घट्ट बसतंय.

कंट्रोलरला जॉग, म्हणजे हातानं फिरवायचं चाक असतं की, असं म्हणाल. पण बहुतेक कंट्रोलरचा जॉग स्वतः फिरत नाही, आपण ढकलला तरच हलतो. टर्नटेबलला मोटर थेट प्लॅटरखाली आहे, पट्टा नाही, चालू केलं की ०.७ सेकंदात पूर्ण वेग. रेकॉर्डखाली घालायच्या घसरत्या कापडामुळं, म्हणजे स्लिपमॅटमुळं, रेकॉर्ड हातानं धरली तरी खाली प्लॅटर फिरत राहतो, सोडली की तिथंच गाणं पकडतं. एसएल-१२०० हे १९७२ ला घरात गाणी ऐकायसाठी आलेलं मशीन, १९७९ च्या एमके२ मध्ये पिचची, म्हणजे वेग कमीजास्त करायची सरकपट्टी आली आणि डीजे लोकांनी ते उचलून धरलं. २०१० ला उत्पादन बंद झालं होतं, २०१६ ला परत सुरू केलं.

पिच फक्त ८ टक्के वरखाली जातो, म्हणजे मिनिटाला १०० ठोक्यांचं (१०० बीपीएमचं) गाणं फारतर १०८. आणि वेगाबरोबर सुराची पट्टीही चढते, ६ टक्क्यांत जवळजवळ अर्धा स्वर, गायकाचा आवाज लगेच बारीक वाटतो. डिजिटलमध्ये की-लॉक लावला की पट्टी जागच्या जागी. रेकॉर्डवर याची उणीव मला फार जाणवते.

सगळ्यात जास्त वापर मात्र टाइमकोड रेकॉर्डचा झाला. त्या रेकॉर्डवर गाणं नसतं, एक सूर असतो, सेराटो या डीजे सॉफ्टवेअरच्या रेकॉर्डवर १ किलोहर्ट्झचा. सुई तो वाचते, सुराच्या वेगावरनं सॉफ्टवेअरला गाण्याचा वेग कळतो आणि डाव्या-उजव्या चॅनेलमधल्या फरकावरनं दिशा, तसं लॅपटॉपातलं गाणं पुढंमागं होतं. म्हणजे रेकॉर्डवर कधीच न आलेलं हलगीचं गाणंसुद्धा बोटाखाली येतं. टर्नटेबल लॅपटॉपला जोडायचा इंटरफेस वेगळा लागतो, आणि सुईला धूळ चिकटली की वेग डळमळतो, म्हणून ब्रश जवळच ठेवा.

पावसाळ्यात कव्हरना बुरशी येते आमच्याकडं, रेकॉर्डी उभ्या आणि भिंतीपासून लांब ठेवतो. वडिलांच्या कुमार गंधर्वांच्या रेकॉर्डी आहेत (आपल्या सुळेभावीचे ते), त्यांना डीजेची सुई लावत नाही. तिचा दाब ३-४ ग्रॅम ठेवावा लागतो, ऐकायच्या सुईचा साधारण २ च्या आत असतो. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डी तर एमके२वर चालतच नाहीत, ३३ आणि ४५ एवढेच वेग आहेत.

फक्त ऑर्डरीच करायच्या असतील तर कंट्रोलर घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या हेडफोनला घाला. लोकगीतं मिक्स करायची हौस असेल तर एकच टर्नटेबल आणि टाइमकोडपासून सुरू करा, दुसरं नंतर बघता येतं. सेकंडहँड बघताना सुईचा आर्म हातानं हलवून ढिला आहे काय बघा, पिच शून्यावर ठेवून प्लॅटरच्या काठावरचे मोठे ठिपके लाल लाईटमध्ये स्थिर दिसतात काय बघा, आणि अर्थची वायर मिक्सरला जोडूनच आवाज ऐका, नाहीतर गुणगुण मशीनची का वायरची तेच कळत नाही.