६४० पानांची पीडीएफ आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा

स्क्रीनवर वाचून डोळे चुरचुरायला लागले, म्हणून ६४० पानांची एक पीडीएफ छापून, बांधून घ्यायची ठरवली. प्रोग्रॅमिंगची माहितीपुस्तिका, खुल्या परवान्याची. त्यामुळे छापायला कुणाची आडकाठी नव्हती. दोन-चार छपाईवाल्यांना दर विचारले. एकाचा दर इतरांच्या जवळपास निम्मा निघाला. निम्मा का, हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. नाही पडला.

मेसेजवर ठरलं ते असं: ए-फोर आकार, दोन्ही बाजूंनी छपाई, ८० जीएसएम कागद, ब्लॅक अँड व्हाइट, वर परफेक्ट बाइंडिंग, म्हणजे पुस्तकासारखा गोंदाने चिकटवलेला कणा. पैसे सगळे आगाऊ.

पहिला धक्का बिलाचा. दोन्ही बाजूंनी छापायचं म्हणजे ३२० पानांचे पैसे, असा माझा हिशेब. त्याच्या लेखी पान म्हणजे कागदाची एक बाजू. इथे मात्र मी त्याला दोष देणार नाही. मशीनचा मीटर प्रत्येक बाजू वेगळी मोजतो. दोन्ही बाजूंनी छापलं तर कागद वाचतो, टोनर, म्हणजे लेझर मशीनमधली शाईची पूड, नाही. ‘पान’ म्हणजे नेमकं काय, हे मीच विचारलं नव्हतं.

खरी फसवणूक पुढे सुरू झाली. दोन दिवसांनी मेसेज आला, "ताई, तुमच्या फाइलमध्ये ४१२ पानं कलर आहेत. छापून झालीत. फरक पाठवा, मग पार्सल काढतो." फाइल उघडून पाहिली, तर कलर म्हणजे मजकुरातल्या निळ्या लिंका! मशीन ऑटो कलरवर ठेवलं तर पानात एक निळा शब्द असला तरी ते पान कलरमध्ये मोजलं जाऊ शकतं, हे खरं. पण मी ब्लॅक अँड व्हाइट सांगितलं होतं, आणि ती सेटिंग त्याच्या हातात होती. आधीचे पैसे अडकलेले, म्हणून चरफडत फरक भरला. पार्सल फोडलं तर आतल्या सगळ्या लिंका राखाडी. कलरचे पैसे घेतले आणि छापलं मात्र काळंच.

मग कागदाकडे लक्ष गेलं. पान उजेडात धरलं की मागच्या बाजूच्या ओळी पुढच्या ओळींमध्ये घुसत होत्या. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. एक चौरस मीटरमध्ये ए-फोरचे सोळा कागद बसतात. म्हणजे ८० जीएसएमचा एक कागद ५ ग्रॅमचा, आणि असे ३२० कागद १६०० ग्रॅमचे. पीठ मोजायचा काटा काढला, पुस्तक ठेवलं. १२६२ ग्रॅम, तेही जाड कव्हर आणि गोंद धरून! ती वजा केली तर कागद ६० जीएसएमच्या आसपास येतो. काट्याचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "हवा कोरडी असली की कागद हलका होतो हो ताई." कागदातला ओलावा कमी-जास्त होतो, मान्य. पण त्याने कागदाचं वजन पाव हिश्श्याने उतरत नाही.

चौथ्या दिवशी पुस्तक २११व्या पानावर उघडून टेबलावर ठेवलं आणि कणा कट्‌कन तडकला. पुढची पानं पत्त्यांसारखी सुटून हातात आली. सुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं तर ती ब्लेडने कापल्यासारखी गुळगुळीत. गोंद लावण्याआधी ही कड खरवडून खडबडीत करायची असते, तेव्हा तो कागदाच्या तंतूंत शिरतो. इथे तो वरवर बसला होता, सायीसारखा. फोटो पाठवल्यावर मेसेज वाचल्याची खूण दिसली, आणि मग माझा नंबरच ब्लॉक झाला.

आता कुणालाही फाइल देण्याआधी मी लिंकांचा रंग काळा करते, ग्रेस्केलमध्ये, म्हणजे फक्त काळ्या-राखाडी छटांत, नवी पीडीएफ काढते, आणि दर विचारताना ‘एका बाजूचा’ असंच म्हणते. आधी दहाच पानं छापून घेते. ३०० कागदांच्या वर गेलं की दोन भाग करून स्पायरल लावते. दिसायला साधं, पण पुस्तक सपाट उघडं राहतं आणि पानं निसटत नाहीत. बांधणीच्या बाजूला जास्तीचा समास फाइलमध्येच सोडते. लेझर छपाई म्हणून ओल्या शाईची इंकजेट छपाई गळ्यात मारली असेल अशी शंका आली तर अक्षरावरून ओलं बोट फिरवते. टोनर वितळून कागदाला चिकटलेला असतो, तो पसरत नाही. आणि पूर्ण पैसे आगाऊ, छे!

त्या सुट्या पानांचं काय केलं? उरलेला कणाही सोलून काढला, पंचिंग मशीनने थोडी-थोडी करत सगळी पानं भोकं पाडून बॉक्स फाइलमध्ये लावली. समास इतका अरुंद ठेवला होता त्याने, की प्रत्येक पानावर दोन ओळींची कडेची अक्षरं भोकात गेलीत. ती मी अंदाजाने वाचते.