जुन्या नाशकातील कातडी खारवणारे दुकान: दोन वर्षांचा अनुभव

आमच्या ढोल पथकात सहा ढोल अजून चामड्याच्या पानांचे, म्हणजे तोंडावर कातडे ताणून बसवलेले, आहेत. गावाकडे कंदुरी (बोकड कापून केलेले नवसाचे जेवण) असली की बोकडाचे कातडे आम्ही स्वतः आणतो आणि जुन्या नाशकातील एका गल्लीत, पाटी नसलेल्या दुकानात ते खारवून, चुन्यात घालून, केस उतरवून पान करून घेतो. हा अभिप्राय मुख्यतः त्या दुकानातील खारवण्याच्या कामाविषयी आहे, कारण पान किती टिकणार हे बहुतांशी तिथेच ठरते.

पहिल्या खेपेला आमचे कातडे त्यांनी घेतलेच नाही. मे महिना होता, सिन्नरजवळच्या गावात सकाळी अकराला बोकड कापला गेला, जेवणावळ उरकेपर्यंत कातडे खताच्या गोणीत गुंडाळून ठेवले होते आणि मोटारसायकलवरून ते दुकानात पोहोचले तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. दुकानदार चाचांनी गोणी उघडली, पोटाकडच्या भागावरचे चार केस चिमटीत धरले आणि ओढले. केस मुळासकट हातात आले. आतल्या बाजूला पोटावर हिरवट झाक दिसत होती. ‘हे मी मिठात घातले तरी मीठच वाया जाईल,’ एवढेच ते म्हणाले. मला तेव्हा राग आला होता. केस तर काढायचेच आहेत, मग सुटले म्हणून काय बिघडले, असा माझा प्रश्न होता. त्यावर त्यांनी दिलेले उत्तर मला पटले: केस सुटतात म्हणजे जंतूंनी त्यांची मुळे धरून ठेवणारा थर खाल्लेला असतो, आणि जिथे तो थर गेला तिथे पान ताणताना फाटते.

ताज्या कातड्यात साठ ते सत्तर टक्के पाणी असते. जनावराच्या अंगची ऊब, त्यात हे पाणी आणि वर प्लॅस्टिकची हवाबंद गोणी, म्हणजे जंतूंसाठी उबवणीच झाली. म्हणून कातडे सोलल्याबरोबर सावलीत, केसांची बाजू खाली करून पसरावे, त्याची ऊब जाऊ द्यावी, चिकटलेले मांस व चरबी बोथट सुरीने खरवडावी आणि तीन-चार तासांच्या आत मीठ लावावे, असे चाचा प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतात. चरबीचा पापुद्रा राहिला तर मीठ त्याखाली उतरतच नाही. मेंढीच्या कातड्याला तर आणखी घाई लागते, कारण लोकर ऊब धरून ठेवते.

मिठाच्या बाबतीत हे दुकान चोख आहे. कातड्याच्या वजनाच्या सुमारे चाळीस टक्के मीठ लागते, म्हणजे दोन किलोच्या कातड्याला पाऊण किलोपेक्षा थोडे जास्तच. जेवणातले बारीक मीठ ते वापरत नाहीत, कारण त्याची खपली धरते. फार मोठे खडे असतील तर ते घरंगळून जातात, म्हणून मध्यम दाण्याचे जाडे मीठ ते आतल्या बाजूवर मुठीने चोळतात, मान आणि कडा जिथे दुमडतात तिथे बोटांनी दाबून बसवतात. कातडी उतरत्या फळीवर रचलेली असतात, त्यामुळे सुटलेले पाणी वाहून जाते. दुसऱ्या दिवशी जुने मीठ झटकून नवे लावले जाते. कडक उन्हात वाळवणे त्यांना अजिबात मान्य नाही: वरचा थर चटकन कडक होतो, आतली ओल कोंडते आणि बाहेरून खणखणीत वाटणारे कातडे मधून कुजते.

तक्रारी दोन आहेत. गेल्या वर्षी श्रावणात आमच्या एका कातड्यावर गुलाबी-लालसर डाग उमटले. विचारल्यावर चाचांनी सरळ कबूल केले की गर्दीत हाताखालच्या मुलाने आधीच्या कातड्यांवरून झटकलेले मीठ पुन्हा वापरले होते. मिठातच वाढणारे जंतू असतात आणि वापरलेल्या मिठातून ते पुढच्या कातड्यावर जातात. त्यात पावसाळा, हवेतील आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून पाझरू लागते आणि दुकानाची जमीन ओली राहते. त्यांनी पैसे घेतले नाहीत, पण कातडे गेले ते गेलेच. दुसरी तक्रार मेंढीच्या बसकराची आहे. ते केसांसकट तुरटी-मिठात छान करून दिले, मात्र ते पाण्यात धुवायचे नसते हे सांगितले नाही. आईने ते एकदा धुतले, तुरटी निघून गेली आणि आता ते पत्र्यासारखे वाजते.

एक गोष्ट त्यांच्या बाजूने आवर्जून नोंदवतो. बोकड आणि मेंढी सोडून ते काहीही घेत नाहीत. फासे लावून धरलेल्या रानातल्या जनावराचे कातडे घेऊन कोणी आले तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे नाव घेऊन ते त्याला पायरीवरूनच परत पाठवतात.

खारवण्याचे दीडशे रुपये आणि पानासह सगळे काम नऊशे रुपयांत होते. बाजारात तयार पान याहून स्वस्त मिळते. तसे एक आम्ही दुसरीकडून आणले होते, त्याला ढोल तापवला की वास यायचा आणि विसर्जनाच्या आधीच ते कडेने उसवले. चाचांकडची चार पाने दोन गणेशोत्सव काढून अजून ताणलेली आहेत.

पावती मिळत नाही, फोन क्वचितच उचलला जातो, आणि आषाढी अमावास्येनंतरचे आठ दिवस तिथे पाय ठेवायला जागा नसते. गणपतीसाठी पान हवे असेल तर कातडे त्या अमावास्येआधीच द्यावे, आणि घरून निघताना एक किलो जाडे मीठ सोबत न्यावे. गावातच ते चोळून आणले तर चाचा केस ओढून पाहतात, पण परत पाठवत नाहीत.