मुलींच्या नावांचं ॲप : नाव शोधायला छान, अर्थ मात्र कोशात बघून घ्या (३ स्टार)

दादाला मुलगी झाली आणि नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून हे ॲप माझ्या फोनमध्ये आलं. मुलींच्या नावांचा विभाग मी पार खालपर्यंत चाळलाय, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते, ज्यांच्याकडे बारसं जवळ आलंय त्यांना उपयोग होईल.

आधी चांगलं सांगते. नक्षत्र आणि चरण टाकला की अक्षर लगेच येतं. आमचं बाळ कृत्तिकेच्या दुसऱ्या चरणातलं, म्हणजे ई (कृत्तिकेची अक्षरं अ, ई, उ, ए), घरच्या पंचांगाशी ताडून बघितलं, बरोबर निघालं. मग ईश्वरी, ईशानी, इला, इरा, इरावती अशी यादी येते, ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही एकत्रच. त्यात दोन अक्षरी, तीन अक्षरी असं निवडता येतं, जोडाक्षर नको असेल तर तीही नावं गाळता येतात आणि आजीला हाक मारायला सोपं हवं म्हणून आम्हाला हे खूप कामाला आलं. यादी शेअर पण होते. वहिनी माहेरी डोंबिवलीला, दादा रात्रपाळीला, आई परळला, मी मुलुंडला, तरी सगळे एकाच यादीवर बदाम देत होते. इतकं सोयीचं दुसरं काही मला तरी मिळालं नाही.

शेवटी सगळ्यांचं एकमत झालं इरावर. आणि तिथेच ॲप कुठे कमी पडतं ते कळलं.

इरा उघडलं की अर्थ येतो, 'पृथ्वी, सरस्वती, सावध, दक्ष'. पहिले दोन ठीक. संस्कृत कोशात इरा म्हणजे पिण्याजोगं काहीही, पाणी, दूध, मग अन्न, जे घेतल्यावर जिवाला बरं वाटतं ते, शिवाय पृथ्वी, वाणी, सरस्वती हे अर्थही दिलेत, कश्यपाच्या एका पत्नीचं नाव पण इरा. किती सुंदर आहे हे! आणि ॲपमध्ये पाणी नाही, दूध नाही, एकदम 'सावध'. तो अर्थ हिब्रू नावाचा आहे, बायबलमध्ये दावीद राजाच्या योद्ध्यांमध्ये त्या नावाचे पुरुष आहेत, इंग्रजी स्पेलिंग सारखं आलं म्हणून दोन्ही नावं एकाच पानावर ढकलून दिलीत. कियारासमोर तर सरळ 'मूळ : संस्कृत' लिहिलंय. ते इटालियन कियारा आहे, अर्थ स्वच्छ, तेजस्वी. नाव गोड आहे, ज्यांना आवडतं त्यांनी जरूर ठेवावं, पण मूळ चुकीचं का सांगायचं? मुलीला आयुष्यभर लोक विचारणार तुझ्या नावाचा अर्थ काय, तिच्याकडे खरं उत्तर असायला नको का?

इरावतीपुढे फक्त 'नदी' एवढंच आहे. इरावती कर्वे १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मल्या आणि तिथल्या इरावती नदीवरून त्यांचं नाव ठेवलं, ही एक ओळ दिली असती तरी नावात जीव आला असता.

आता लोकप्रियता. प्रत्येक नावापुढे हिरवा पट्टा असतो, इराचा जवळजवळ भरलेला, ते बघून वहिनी नाराज झाली की खूपच कॉमन नाव आहे. मग मदत विभागात वाचलं तेव्हा कळलं की ॲपवर किती जणांनी बदाम दिला त्यावर तो पट्टा चालतो. म्हणजे लोक काय बघतात ते कळतं, बाळांना प्रत्यक्षात काय नाव ठेवतात ते नाही. अमेरिकेत १८८० पासूनच्या जन्मांचे नावानुसार आकडे सरकार देतं, आपल्याकडे जन्माची नोंद होते पण अशी यादी निघत नाही, मग कुठलंही ॲप हे ठामपणे कसं सांगणार? मी बालवाडीत शिकवते, माझा भरवसा हजेरीवर. २०११ मध्ये बच्चन कुटुंबात मुलगी झाली त्यानंतर आमच्याकडे आराध्या इतक्या आल्या की आडनावाचं अक्षर लावून हाक मारायला लागायची, आराध्या पी, आराध्या एस. इरा वर्गात अजून एकटीच असते. तुम्हीही जवळच्या बालवाडीतल्या बाईंना विचारा, पट्ट्यापेक्षा खरं कळेल.

एक गोष्ट ॲपने सांगायलाच हवी होती. इंग्रजीत आय आर ए लिहिलं की बँकेत, दवाखान्यात सर्रास 'आयरा' म्हणून पुकारतात, म्हणून बरेच जण डबल ई घालतात. जन्मदाखल्यावर जे स्पेलिंग जाईल तेच पुढे सगळीकडे लागतं, त्यामुळे हे आधी ठरवा.

पूर्ण नाव कसं दिसेल ते बघायची सोय आहे पण रकाने तीनच, बाळ, वडील, आडनाव. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळांसाठी शाळेच्या कागदपत्रांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. वहिनीचं नाव लावून मोठ्याने म्हणून बघितल्याशिवाय नाव कानाला कसं लागतं ते कळतच नाही, आम्ही ते कागदावर लिहून केलं. आईचा रकाना लवकर द्या ही कळकळीची विनंती, आणि अर्थ कुठून घेतला तेही प्रत्येक नावाखाली लिहा.

प्रीमियममध्ये अंकशास्त्र आणि 'लकी स्पेलिंग' आहे, अजिबात गरज नाही. ते पैसे वाचवा. मोल्सवर्थचा मराठी कोश आणि मोनियर-विल्यम्सचा संस्कृत कोश दोन्ही नेटवर फुकट आहेत (दोन्ही इंग्रजीत अर्थ देतात), आवडलेलं नाव तिथे तपासा. आणि 'बारसं जवळ आलं, आजच घ्या' अशी नोटिफिकेशन सारखी येतात त्यांना घाबरू नका, जन्माची नोंदणी २१ दिवसांत करायची असते पण दाखल्यावर नाव १२ महिन्यांपर्यंत विलंब शुल्काशिवाय घालता येतं.