तलंग अचानक उठेना: पशुऔषधांच्या दुकानातल्या तीन बाटल्यांचं परीक्षण

काल संध्याकाळपर्यंत उकिरडा उकरणारी तलंग (तरुण कोंबडी) आज सकाळी खुराड्यात एका अंगावर पडून आहे, म्हणून दुकान गाठलं की बहुधा तीन बाटल्या समोर येतात: लिक्विड कॅल्शियम, विमेराल (जीवनसत्त्वांचं औषध) आणि बी-कॉम्प्लेक्स (ब गटातली जीवनसत्त्वं). तिन्ही कामाच्या आहेत, पण एकीचं काम दुसरी करत नाही. त्यामुळे पैसे देण्याआधी तलंग किती आठवड्यांची आहे, अंड्यावर आली आहे का आणि पाय नेमके कसे पडले आहेत, हे बघून ठेवा.

लिक्विड कॅल्शियम. नुकत्याच अंड्यावर आलेल्या तलंगीसाठी तिघांत हीच पहिली घ्यावी. एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. ग्रोअर खाद्यात (वाढत्या वयाच्या कोंबड्यांच्या खाद्यात) ते साधारण 1 टक्का असतं, म्हणजे दिवसाला 100 ग्रॅम खाणाऱ्या तलंगीला 1 ग्रॅमच मिळतं. उरलेलं ती स्वतःच्या हाडांतून काढते आणि एक दिवस पायच धरत नाहीत. अशी तलंग पडलेली असली तरी डोळे टवटवीत असतात, दाणा समोर धरला की टिपते. औषध वेळेवर मिळालं तर बऱ्याच जणी दोन-तीन दिवसांत उभ्या राहतात. सोबत खाद्य बदलून लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य, 3.5 ते 4 टक्के कॅल्शियम) सुरू करा आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, नाहीतर आठवड्याभरात पुन्हा तेच.

तीन महिन्यांच्या तलंगीला मात्र ही बाटली ‘ताकदीसाठी’ रोज पाजू नये. अंडी न देणाऱ्या पक्ष्याच्या मूत्रपिंडांना जास्तीचं कॅल्शियम इजा करतं.

विमेराल. दर मिलीलिटरमध्ये जीवनसत्त्वं अशी: 12,000 युनिट ए, 6,000 युनिट डी3, 48 मिलिग्रॅम ई आणि 20 मायक्रोग्रॅम बी12. खुराड्यात ऊन येत नसेल, तर डी3मुळे कॅल्शियम अंगी लागायला मदत होते. पण यात बी1 आणि बी2 नाहीत. बोटं आत वळलेल्या पिल्लाला हे देऊन चार दिवस वाट बघितली, तर ते चार दिवस वाया गेले.

मात्रेत चूक इथेच जास्त होते. लेबलवरचं प्रमाण शंभर पक्ष्यांचं असतं. शंभरांना 5 मिली लिहिलं असेल, तर एकीला 0.05 मिली, म्हणजे जेमतेम एक थेंब. चमच्याने पाजायचं हे औषध नव्हे. ए आणि डी3 शरीरात साठतात, त्यांचा अतिरेक बाधतो.

बी-कॉम्प्लेक्स. नुसत्या तांदळाच्या कणीवर वाढवलेल्या पिल्लांत बी2 कमी पडतं. बोटं मुठीसारखी आत वळतात आणि पिल्लू घोट्यांवर चालतं. लवकर दिलं तर गुण छान येतो, पण नस कायमची बिघडल्यावर बोटं सरळ होत नाहीत. लेबलवर ‘रायबोफ्लेविन’ (म्हणजे बी2) दिसलं तरच घ्या. औषधाचं पाणी सावलीत ठेवा, कारण उजेडात बी2 नासतं. रक्ती हगवणीसाठी अँप्रोलियम जास्त दिवस किंवा जास्त प्रमाणात दिलं गेलं असेल, तर बी1 कमी पडून मान मागे वळते. तिथेही हीच बाटली लागते.

तिन्ही हरतात ते आजार. एक पाय पुढे, एक मागे, वय दोन ते पाच महिने: मरेक या विषाणूजन्य रोगाचा संशय घ्या. त्यावर औषध नाही. लस पिल्लू एक दिवसाचं असताना हॅचरीतच टोचतात, म्हणून दारावर येणाऱ्या विक्रेत्याकडून पिल्लं घेताना ती टोचली आहे का हे विचारणं या बाटल्यांपेक्षा मोलाचं. मान मुरडणं, हिरवी हगवण, धाप आणि एकापाठोपाठ एक पक्षी आजारी असेल तर मानमोडी (राणीखेत). अशा वेळी दुकान नको, सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना किंवा 1962 हा पशुवैद्यकीय मदतीचा फोन क्रमांक. पंखाखाली बारीक गोचिडांची पिल्लं चिकटलेली सापडली तर ती काढा. त्यांच्या चाव्यानेही पाय लुळे पडतात. मोठ्या गोचिडी दिवसा खुराड्याच्या फटींत लपतात, तेव्हा फटीही साफ करा.

कोणतीही बाटली असो, पाजायची रीत एकच. सुई काढलेली 1 मिलीची सिरिंज घ्या आणि चोचीच्या कडेला थेंब-थेंब सोडा. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. जोरात पिचकारी मारली की औषध फुप्फुसात जातं आणि पायावर पडलेली तलंग न्यूमोनियाने मरते.

औषधाइतकीच शुश्रूषा महत्त्वाची. जुन्या लुगड्याची मोठी चुंबळ करून तलंगीला त्यात बसवा, पाय पोटाखाली घ्या. छातीच्या हाडावर भार राहत नाही आणि ती एका कुशीवर लवंडत नाही. खाली भाताचं तूस, पाणी चोचीच्या अंतरावर. दिवसातून तीन-चार वेळा जागा बदला, मागची बाजू कोमट पाण्याने पुसा, नाहीतर माश्या बसून अळ्या पडतात. इतर कोंबड्या टोचतात, म्हणून वेगळी ठेवा, पण त्यांचा आवाज ऐकू येईल अशी.

तीन दिवसांत काहीच फरक नसेल तर नवी बाटली आणू नका, डॉक्टरांना दाखवा. तलंग मेलीच, तर शव बर्फात ठेवून शवविच्छेदनाला न्या. फ्रीझरमध्ये गोठवू नका, गोठलेल्या ऊतींची तपासणी नीट होत नाही.